आरोग्य योजनेत नाव बसतं, मग उपचार कागदांवर का अडतात?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशन कार्डधारकांसाठीही खुली आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही व्याप्ती वाढवली आणि प्रति कुटुंब वार्षिक विमा संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांवर नेलं. पण पात्र असणं वेगळं आणि रुग्णालयाच्या काउंटरवर ते सिद्ध करणं वेगळं.

नेमकं कुठे अडतं?

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र रेशन कार्ड आणि ओळखपत्र तपासतात. त्यानंतर उपचारांना पूर्वमंजुरी घेतली जाते. इथे नेहमीच्या अडचणी येतात त्या अशा:

• नावातला फरक: आधारवर सासरचं नाव, रेशन कार्डावर माहेरचं किंवा स्पेलिंग वेगळं.
• कार्डात नावच नाही: माहेरच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डात चढत नाही.
• स्थलांतर: ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं कार्ड गावी पेटीत असतं.
• ई-केवायसी: कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात आणि जुना मोबाइल नंबर बंद असेल, तर ओटीपीही येत नाही.

याला काय म्हणतात?

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ च्या पुस्तकात याला 'प्रशासकीय ओझं' म्हटलं. ते तीन प्रकारचं असतं: माहिती शोधण्याचं, कागद जमवण्याचं आणि या सगळ्यातून येणाऱ्या मनस्तापाचं. रोजंदारीवरच्या माणसाला तहसीलची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी.

इतका फरक पडतो?

अमेरिकेतलं आर्कान्सा राज्य हे ठळक उदाहरण. २०१८ मध्ये तिथे 'मेडिकेड' या सरकारी विम्यासाठी महिन्याला ८० तास काम केल्याची नोंद देणं सक्तीचं झालं. सुरुवातीला नोंद ऑनलाइनच करायची होती आणि ते पोर्टल रात्री बंद असायचं. काही महिन्यांतच १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना हा नियम लागू होता त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच अट पूर्ण करत होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबवली.

आजारपण येण्याआधी काय करावं?

• घरातल्या प्रत्येकाचं नाव रेशन कार्डात आहे का आणि ते आधारशी जुळतं का, ते पाहा.
• चालू मोबाइल नंबर आधारला जोडा.
• आयुष्मान कार्ड प्रत्येक सदस्याचं वेगळं निघतं. ७० वर्षं आणि त्यापुढच्या ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही.
• तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. कागद नसले, तरी आधी आरोग्यमित्रांना गाठा.

हेल्पलाइन: जन आरोग्य योजना १५५३८८, आयुष्मान भारत १४५५५.