यमुनेचे पंचांग

प्रत्येक जलाशयाचे एक पंचांग असते आणि त्याच्या काठी राहणाऱ्यांना ते तोंडपाठ असावे लागते. कोकणातील कोळी बांधव ज्येष्ठाच्या सुमारास आपल्या होड्या वाळूवर ओढून घेतात, पावसाळाभर जाळी दुरुस्त करतात, होड्यांची डागडुजी करतात आणि श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून त्या पुन्हा पाण्यात लोटतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, ती या जुन्या शहाणपणालाच कायद्याने दिलेली जोड होय. थंड प्रदेशांतील पंचांग निराळे. तेथील सरोवरे हिवाळ्यात गोठतात. वसंताचा वारा सुटला, बर्फाला तडे गेले, की काठावर पालथ्या पडलेल्या होड्या सरळ होतात आणि मासेमारीचे वर्ष सुरू होते. एके ठिकाणी श्रावण, दुसरीकडे चैत्र. परंतु निसर्गाने घातलेली बंदी पाळायची आणि ती उठताच नाव पाण्यात घालायची, हा नियम दोन्हीकडे एकच.

आपण दिल्लीकर मराठी मंडळी ज्या नदीकाठी राहतो ती यमुना या दोन्ही पंचांगांना बांधलेली आहे. दिल्लीत ती कधी गोठत नाही हे खरे. पण तिचा उगम बंदरपूंछ पर्वताच्या हिमात, यमुनोत्रीला आहे. फाल्गुन-चैत्रात वर बर्फ वितळू लागते आणि ते पाणी खाली येते. पुढे आषाढापासून पावसाचा महापूर, आश्विन-कार्तिकात ओसर, आणि पौष-माघात वाळूच्या पट्ट्यांमधून वाहणारी क्षीण धार. सह्याद्रीच्या नद्या पाहत वाढलेल्या माणसाला नदी चैत्रात आटायची हेच ठाऊक. पावसावाचून नदीला पाणी येते, ही गोष्ट त्याला येथे येऊन शिकावी लागते. आपल्या पूर्वजांनाही ती शिकावी लागली आणि त्या शिक्षणाची किंमत फार मोठी होती. प्रस्तुत लेखात नाव, मासे आणि नदीचे ऋतू यांच्या आधाराने त्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम नदीकाठच्या माणसांविषयी. यमुनेवर नावा चालविणारे मल्लाह व निषाद समाजाचे लोक शतकानुशतके येथे वस्ती करून आहेत. त्यांची नाव कोळ्यांच्या होडीसारखी खोल बुडाची नसते. वाळूवर अडकू नये म्हणून तिचे बूड सपाट ठेवतात आणि उथळ पाण्यात लांब बांबूने रेटत ती पुढे नेतात. रोहू, कतला, मृगळ हे येथील मोठे मासे पावसाळ्याच्या पुरात अंडी घालतात. म्हणून नदीचा धर्म पाळणारा मल्लाह त्या दिवसांत जाळे आवरतो. हिवाळ्यात धुके आणि गारठा यांमुळे मासाही सुस्तावतो. पाण्याला ऊब येते, मासा हालू लागतो आणि पूर अद्याप दूर असतो, असा काळ वसंताचा. त्याच सुमारास नदीच्या वाळूत टरबूज, खरबूज आणि काकडीचे वेल पसरलेले असतात व तो माल या काठावरून त्या काठावर आणण्यासाठीही नाव लागते. यमुनेच्या काठी वर्षाची घडी अशी बसलेली होती.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. इ. स. १७५९ च्या पावसाळ्यात दत्ताजी शिंदे गंगाकाठी शुक्रताल येथे अडकून पडले होते. त्यांना गंगा ओलांडून पूर्वेकडे जायचे होते आणि नजीबखान रोहिल्याने नावांचा पूल बांधून देण्याचे आश्वासन दिले होते. महिने लोटले, नदी फुगली, पूल काही मिळेना. नजीबाने नावांचा पूल बांधला खरा, पण तो स्वतःच्या छावणीच्या पाठीशी, पैलतीराहून रसद आणण्यासाठी. घोड्याच्या पाठीवर हिंदुस्थान पालथा घालणाऱ्या फौजेला दुसऱ्याच्या नावांवर विसंबून राहावे लागले, हे त्या मोहिमेचे खरे दुखणे होते.

पुढे अब्दाली आला. १० जानेवारी १७६० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर यमुनेचे उतार राखीत उभे होते. हा पौषाचा महिना. नदी तेव्हा बहुतेक ठिकाणी पायउतार झालेली असते आणि पात्रात झाऊची व गवताची दाट बेटे माजलेली असतात. जी नदी तटबंदीसारखी आडवी यावयास हवी होती, तिने शत्रूला वाट दिली. झाडीचा आडोसा घेऊन रोहिले पार झाले आणि त्या झटापटीत दत्ताजी धारातीर्थी पडले. बुराडीचे नाव आज आपण बसच्या पाटीवर रोज वाचतो. ते वाचताना हे सहसा आठवत नाही.

दत्ताजींच्या मृत्यूनंतर सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले. पडदूरहून त्यांनी कूच केले ते मार्च १७६० मध्ये, पाडव्याच्या तोंडावर. दख्खनच्या नद्या तेव्हा सुकत चाललेल्या असतात आणि फौजेच्या वाटचालीला तोच काळ सोयीचा. पण वाट लांब होती. चंबळ ओलांडून यमुनेच्या प्रदेशात येईपर्यंत आषाढ लागला. इटाव्याजवळ नावांचा पूल बांधून अंतर्वेदीत उतरावे आणि अब्दालीला तिकडेच गाठावे, असा भाऊंचा बेत होता. त्यासाठी गोविंदपंत बुंदेल्यांनी नावा जमवाव्यात म्हणून पत्रे गेली. नावा वेळेवर जमल्या नाहीत, नद्यांना पूर आले आणि बेत फसला. भाऊंनी ऑगस्टच्या आरंभी दिल्ली जिंकली, परंतु पावसाळाभर दोन्ही सैन्ये दोन काठांवरून एकमेकांकडे पाहत राहिली. मधे फक्त पाणी होते.

शेवटी जो निकाल लागला तोही नदीवरच. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला आणि फौजेत उत्साह संचारला. पूर पुरता ओसरण्याआधी अब्दाली नदी उतरणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास त्याने बागपतजवळ उतार शोधून फौज पाण्यात घातली. काही माणसे वाहून गेली, परंतु सैन्य पार झाले आणि मराठ्यांचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला मार्ग तुटला. १४ जानेवारी १७६१ चा दिवस त्यानंतर यायचाच होता. शुक्रताल, बुराडी, बागपत, कुंजपुरा आणि पानिपत ही सर्व स्थळे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. आपण ज्या परिसरात नोकरी-संसार करतो, त्याच परिसरात हे सारे घडले.

येथे एक विसंगती मनाला लागते. मराठ्यांना नाव ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, आंग्र्यांनी पश्चिम किनाऱ्यावर परकीयांना जेरीस आणले. त्याच आंग्र्यांचे, म्हणजे तुळाजींचे, आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गला इंग्रजांनी जाळले आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी उत्तरेत नावांसाठी पत्रे लिहावी लागली. सागरी आरमाराची गलबते यमुनेत आली नसती हे उघड आहे. पण पाण्याचा विचार करणारी दृष्टी, पाण्याच्या माणसांना दरबारात असलेला मान, या गोष्टी उत्तरेच्या मोहिमेबरोबर आल्या नाहीत. बुराडीच्या घाटावर नदीची नस जाणणारा मल्लाह आपल्या बाजूला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात बसत नाही. तरी तो मनातून जात नाही.

पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी उत्तरेत पुन्हा जम बसविला आणि मथुरेस, यमुनेच्याच काठी, दीर्घकाळ तळ दिला. परंतु दिल्लीवरील मराठी सत्तेचा शेवटही या नदीच्या साक्षीनेच झाला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांची कवायती फौज यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या बाजूला, जनरल लेकशी लढली. महिना भाद्रपदाचा, नदी भरलेली आणि ती फौजेच्या पाठीशी. पराभव होताच माघारीची वाट पाण्यातून होती. कित्येक सैनिक त्यात बुडाले. तीन दिवसांनी लेक नदी ओलांडून दिल्लीत शिरला. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे.

त्यानंतरही काही काळ दिल्लीचा पूर्वेकडील रस्ता नावांवरूनच जात असे. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई शहरात आले ते नावांच्या पुलावरूनच. १८६६-६७ च्या सुमारास लोखंडी पूल झाला आणि नावांच्या पुलाचे महत्त्व सरले. १८७४ मध्ये ओखल्याला बंधारा घालून आग्रा कालवा काढण्यात आला. या कालव्यातून प्रथम नावाही चालत. १९०४ मध्ये ती वाहतूक थांबली व तो केवळ सिंचनापुरता उरला. बंधाऱ्यामागे जो विस्तीर्ण जलसंचय झाला, तेथे नावा, गळ आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांचे एक नवे जग निर्माण झाले. वसंत लागला की पक्षी उत्तरेकडे परतत आणि पाणी मासेमाराच्या हवाली करून जात.

आपल्या मंडळाची स्थापना झाली त्या काळी ओखला हे दिल्लीकरांचे आवडते सहलीचे ठिकाण होते. फरिदाबादजवळील बडखल तलावावरही नौकाविहारासाठी गर्दी होई. फेब्रुवारी-मार्चच्या कोवळ्या उन्हात पुरीभाजीचे डबे घेऊन तेथे गेलेली कुटुंबे आपल्यात आजही आहेत. नावेत पाय ठेवताना घाबरलेल्या एखाद्या आजीला नावाड्याने ‘माताजी, बैठ जाइए’ म्हणून हात दिल्याचे त्यांना आठवत असेल. आमच्या घरी तो प्रसंग अनेक वर्षे सांगितला जाई, कारण आजी रत्नागिरीची होती आणि सपाट बुडाची नाव तिला परातीसारखी वाटली होती.

ते दिवस गेले. बडखलचा तलाव या शतकाच्या आरंभी कोरडा पडला. अरवलीतील खाणकामाने त्याच्या पाण्याच्या वाटा तुटल्या होत्या. अलीकडे त्यात पुन्हा पाणी आणण्याचे काम हाती घेतले गेले. यमुनेचे दुखणे याहून खोल आहे. वजिराबाद ते ओखला हे अंतर सुमारे बावीस किलोमीटर, म्हणजे १३७६ किलोमीटरच्या नदीचा जेमतेम दोन टक्के भाग. एवढ्या अंतरात शहराचे नाले तिच्यात पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला, जेव्हा वरचे हिमजल यावयाचे, तेव्हा ते वरच्या कालव्यांत व शहराच्या नळांत वळविलेले असते. पाण्यात प्राणवायू उरत नाही, मग मासा कसा उरावा? मल्लाहांची जाळी आता मुख्यतः वजिराबादच्या वरच्या बाजूस पडतात. खाली अनेक नावाडी बाहेरगावाहून अस्थिविसर्जनासाठी आलेल्यांना पैलतीर दाखवून पोट भरतात.

नदी मात्र आपले पंचांग विसरलेली नाही. १९७८ मध्ये तिने दिल्लीला हिसका दाखविला होता. जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले, जुना उच्चांक मोडला आणि ती थेट लाल किल्ल्याच्या पाठभिंतीशी आली. ज्या रस्त्यांवरून मोटारी धावत होत्या तेथे बचावपथकांना नावा घालाव्या लागल्या.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण पन्नास वर्षांचा हिशेब मांडतो आहोत. गणेशोत्सव, नाटके, वर्ग, ग्रंथालय या सर्व जमेच्या बाजू खऱ्याच. परंतु ज्या नदीने आपल्या माणसांना तीनदा हरताना पाहिले आणि ज्या शहराच्या नळातून तिचेच पाणी आपण पितो, तिच्याशी आपली ओळख किती, असा एक रकाना रिकामा राहतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण मोठ्या हौसेने गुढी उभारतो. त्यानंतर चैत्र शुद्ध षष्ठीस मथुरा-वृंदावनाकडे यमुनेचा जन्मोत्सव साजरा होतो. वर बंदरपूंछवर बर्फ वितळत असण्याचे, काठावर खरबुजाच्या वेली फुलण्याचे आणि मल्लाहाने नाव पाण्यात घालण्याचे हेच दिवस. पुढील वर्षी गुढी उतरविल्यावर मुलाबाळांना घेऊन वजिराबादच्या वर कोठेतरी काठावर जावे, एखाद्या वृद्ध नावाड्याला नदीचे महिने विचारावेत आणि बुराडीचा घाट दुरून दाखवावा. दर्याला नारळ देणाऱ्यांच्या वंशजांनी यमुनेला एवढा वेळ दिला, तर तो एक जुना ऋणभार थोडा हलका केल्यासारखे होईल.