चिंचेखालची मधपेटी

नार्नूरच्या आमच्या शाळेच्या जुन्या फोटोत चिंचेखाली एक लाकडी स्टँड दिसतं. पाय चार, प्रत्येक पाय पाण्याच्या डब्यात. नव्या पोरांना वाटतं पाण्याचा माठ ठेवायचं असेल. ती मधमाश्यांची पेटी होती. डब्यातलं पाणी मुंग्यांसाठी.

तेव्हा नार्नूर मंडल झालं नव्हतं, आम्ही उटनूर तालुक्यात. आमचे गुरुजी किनवटकडचे. किनवट १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, भाषावार प्रांत झाले तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. सोयरीक तीच, पाटीवरची लिपी तेवढी बदलली. तशी देवनागरी इथे केवळ मराठी माणसाची नाही, हेही सांगून टाकतो. १९४३ साली मारलवाईला हायमेंडॉर्फ साहेबांनी गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीतच काढली होती.

मध आपल्याकडे नवा नव्हता. पण तो आग्या मोहोळाचा. रात्री टेंभा पेटवून, दोर बांधून उंच झाडावरून काढायचा. निम्म्या माश्या जळायच्या आणि पिळलेल्या मधात अळ्यासुद्धा यायच्या. काढणारे बहुतेक गोंड-कोलाम दादा, खाणारे आपण. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. पेटीत राहते सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी लावते.

गुरुजींनी हे महाबळेश्वरला पाहिलं होतं. तिथे १९४६ पासून मधपाळीचं काम चालू होतं. पेटी न्यूटन पद्धतीची, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या न्यूटन नावाच्या पाद्र्याने आपल्या लहान सातेरीच्या मापाने केलेली. खरी युक्ती अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथची, १८५१ ची. दोन पोळ्यांत सहा ते नऊ मिलिमीटर जागा सोडली तर माशी ती मेणाने बुजवत नाही, ये-जा करायला मोकळी ठेवते. म्हणून चौकट सरळ वर उचलता येते. गुरुजींनी आम्हाला हे फूटपट्टीने मोजून दाखवलं होतं. दशांश अपूर्णांक मला तिथेच कळले.

गावातल्या सुताराने सागाची पेटी केली. वसाहत एका कोलाम दादांनी ढोलीतून काढून दिली, हाताने, टेंभा न लावता. गुरुजी म्हणाले, "आज तुम्ही गुरुजी, दादा." ते लाजले.

पळस फुलला, मग मोह. एप्रिलमध्ये वरच्या कोठ्यातल्या चौकटी भरल्या. हाताने फिरवायच्या यंत्रात घालून मध काढला, पोळं जसंच्या तसं परत ठेवलं. प्रत्येकाला चमचा-चमचा. तो मोहाचा वास अजून आठवतो. सुट्टीत पेटी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमचं शेत शाळेच्या कुंपणाला लागून.

आणि तिथेच घात झाला. त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदा सगळा कापूस लावला, ज्वारी मोडून. भादव्यात बोंडअळी आली. बाबांनी सकाळी सकाळी फवारणी केली, कापूस फुलावर असताना. मला ठाऊक होतं. गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं, फवारायचंच तर संध्याकाळी फवारा, माशी घरी परतल्यावर, आणि आदल्या दिवशी मला कळवा, मी पेटीचं दार बंद करीन. मी बाबांना बोललो नाही. बाबांना कोण शिकवणार! आणि गुरुजींनाही सांगितलं नाही, कारण मग बाबांचं नाव निघालं असतं.

दुपारी पेटीपुढे माश्यांचा सडा पडला होता. काही अजून जागच्या जागी गरगरत होत्या. आठवड्यात पेटी रिकामी झाली, मग मेणकिड्याने पोळी खाल्ली.

गुरुजींनी कुणाचं शेत ते विचारलं नाही. कुंपणापलीकडे बघितलं, फवारणीचा पंप अजून बांधावरच होता. मला म्हणाले, "पायाखालचे डबे धुऊन ठेव, उद्या लागतील." दुसरी वसाहत मात्र मिळाली नाही, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली.

बाबांना मी हे सांगितलं ते ते अंथरुणाला खिळल्यावर, चाळीसेक वर्षांनी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या साली तूरही कमी झाली होती रे."

पेटीचं झाकण आमच्या माळ्यावर आहे. कुणाकडे गुरुजींचा फोटो असेल तर टाका.