शीवचा किल्ला कोणाला अडवायला बांधला होता?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले 'म्हणजे', 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत.

आधी एक प्रश्न. घाटकोपरहून रिक्षा पकडली आणि म्हणालात, "दादा, दादरला सोडा", तर काय उत्तर येईल? "सायनपर्यंत सोडतो, पुढे टॅक्सी करा." अंधेरीहून निघालात तर हेच वांद्र्याला ऐकाल. मुंबई शहरात रिक्षाला परवानगी नाही, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण ती रेषा नेमकी तिथेच का? सायनमध्ये असं काय आहे?

उत्तर नावातच आहे. स्टेशनच्या पाटीवर मराठीत काय लिहिलंय बघा. शीव. गावची शीव म्हणतो ना आपण, तीच. हद्द. आणि या हद्दीवर एक टेकडी आहे, टेकडीवर किल्ला आहे. मी मुलुंडला राहतो, ऑफिस लोअर परळला. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, येता-जाता, मी या किल्ल्याच्या शेजारून ही हद्द ओलांडतो. कुर्ला सुटून शीव आलं की तोच बॉर्डर क्रॉसिंग समजा. पासपोर्ट लागत नाही, पास लागतो.

तर गोष्ट सुरू होते एका लग्नापासून. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला आणि मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना द्यायचं ठरलं. हे शाळेत शिकलोय आपण सगळे. शाळेत सांगत नाहीत ते पुढचं. मुंबई म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत, यावरच दोघांचं पटेना. इंग्रजांचं म्हणणं, साष्टी आणि ठाणंसुद्धा यातच आलं. पोर्तुगीज म्हणाले, छे, फक्त मुंबई बेट, माहीमसुद्धा नाही. आमच्या क्षेत्रात याला म्हणतात रिक्वायरमेंट न वाचता प्रोजेक्टवर सही करणं!

याची किंमत मोजली साध्या शिपायांनी. ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिक घेऊन आला. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा द्यायला नकार दिला. मग ही माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून राहिली. दोन वर्षं. ताप, हगवण, पाऊस. शिपमन तिथेच मेला. चारशेपैकी शंभरएक उरले, आणि ते १६६५ च्या फेब्रुवारीत एकदाचे मुंबईत उतरले. साष्टी मिळाली नाहीच. माहीम मात्र त्यांनी जबरदस्तीने घेतलं.

तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने हे सगळं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. (आजचे ब्रोकर ऐकत असतील तर रडतील.) कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए, कारकीर्द १६६९ ते १६७७. शीवचा किल्ला याच काळातला. कंपनीचा मुलूख परळच्या बेटापर्यंत, पलीकडे खाडी, खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. आणि साष्टी म्हणजे कोण? आपण! कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. सहासष्ट गावं म्हणून साष्टी, असं सांगतात. आज जिथे आपले टॉवर आणि मेट्रो आहेत तो सगळा परमुलूख होता, आणि त्याच्यावर डोळा ठेवायला ही चौकी. सरळ सांगायचं तर फायरवॉल, आणि आपण तिच्या बाहेरच्या बाजूला.

मी गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी वर गेलो. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, चालत जाता येतं. पायथ्याशी बाग आहे आणि पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, अगदी किल्ल्याच्या अंगणात. चढण फार नाही, दगडी पायऱ्या, दम लागायच्या आत माथा येतो. रायगड, राजगड डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल, आधीच सांगतो. काळ्या दगडाच्या भिंती, छप्पर उडालेल्या खोल्या, आणि भिंतीवर बदाम कोरून लिहिलेली जोडप्यांची नावं. पण वर उभं राहून चारही बाजूंना बघा, मग जागा का निवडली ते कळतं. दक्षिणेला वडाळा, अँटॉप हिल, त्यामागे जुनं शहर. उत्तरेला चुनाभट्टी, कुर्ला. पूर्वेला चेंबूर आणि तुर्भ्याचा डोंगर. मधल्या इमारती मनातल्या मनात डिलीट करा. राहते फक्त खाडी, दलदल आणि मिठागरं. अशा सपाटीवर एक उंचवटा हाती असला की खाडी ओलांडणारी होडीसुद्धा चुकत नाही.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. धारावीत बेस्टचा काळा किल्ला डेपो आहे. ते नाव उगीच नाही. मागे वस्तीत, मिठीच्या काठाजवळ, खरंच एक छोटा किल्ला उभा आहे. रीवाचा किल्ला म्हणजेच काळा किल्ला. त्याच्यावर इंग्रजीत दगडी पाटी आहे, गव्हर्नर हॉर्नच्या हुकमाने बांधला, साल १७३७.

१७३७. हे साल ओळखीचं वाटतं का? त्याच वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं आणि बघता बघता साष्टी मराठ्यांची झाली. म्हणजे खाडीपलीकडचा शेजारीच बदलला. जुना शेजारी जकातीवरून भांडायचा, कटकट करायचा, पण ओळखीचा होता. नवा शेजारी चिमाजी अप्पांची फौज! १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. वसईच्या वेढ्यात पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हा कंपनीने चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्या आणि १५ हजार रुपये कर्ज दिलं. शेजारधर्म! वसई गेल्यावर मात्र कंपनीचा एक वकील तहासाठी चिमाजी अप्पांकडे धावला आणि दुसरा साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारी. इकडे फोर्टच्या तटाबाहेर खंदक खोदायचं काम निघालं. शहरातल्या व्यापाऱ्यांनीच त्यासाठी ३० हजार रुपये जमवून दिले. म्हणजे पेशव्यांचा एकही घोडा खाडी उतरून आला नाही, तरी मुंबईने घाबरून स्वतःभोवती चर खणला. वसईच्या विजयाच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. समोरच्याच्या पोटात आलेला गोळा बघायचा असेल, तर १७३७ ची ती धारावीची पाटी बघावी.

पुढची पस्तीसेक वर्षं उपनगरं मराठ्यांची आणि मुंबई इंग्रजांची. मग १७७४ च्या डिसेंबरात, पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतर गोंधळ माजलेला असताना, आणि पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येतायत अशी बातमी लागल्यावर, इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती कायमची त्यांच्याकडे गेली.

आणि इथे शीवचा किल्ला बेरोजगार झाला. दोन्हीकडे आपलंच राज्य, मग चौकी कशाला? उलट १७९८ ला गव्हर्नर डंकनने शीव ते कुर्ला खाडीतून रस्ता बांधायला घेतला. १८५३ ला ठाण्याची रेल्वे तिथूनच गेली. जी वाट रोखायला किल्ला बांधला, तीच वाट शहराने स्वतः पक्की करून घेतली.

हद्द मात्र कागदावर चिवटपणे टिकली. साष्टी ठाणे जिल्ह्यात गेली, १९२० ला उपनगर जिल्हा वेगळा निघाला. अंधेरी, घाटकोपर मुंबई महापालिकेत आले १९५० ला. मुलुंड आणि बोरिवली १९५७ ला. जिल्हे आजही दोन आहेत. गाडीची नंबरप्लेटसुद्धा वेगळी, शहराची एमएच ०१, आपली ०२, ०३ आणि ४७. माझी आजी दादरला जायला निघाली तरी "मुंबईला जाऊन येते" म्हणायची. आम्ही हसायचो. आता मी तिचीच बाजू घेतो, कारण तिच्या जन्माच्या वेळी मुलुंड मुंबईत नव्हतंच.

मला खटकतं ते एवढंच की या दोन किल्ल्यांमधली ही गोष्ट दोन्हीकडे कुठेही वाचायला मिळत नाही. शीवच्या टेकडीवर येणाऱ्याला काळ्या किल्ल्याचा पत्ता नसतो. काळ्या किल्ल्याशेजारी राहणाऱ्या मुलांनी तो चेंडू शोधायलाच पाहिलेला असतो. दोन्ही एका सकाळीत होतात. आधी शीव करा, ऊन चढायच्या आत, मग बसने काळा किल्ला डेपो. तिथे लोकांच्या घरांमधून वाट आहे, तेव्हा विचारून जा, आणि कॅमेरा खिशात ठेवून आधी दोन शब्द बोला. पाटी शोधायला नजर जरा वर ठेवा.

तुमच्या घरी कोणी अजून 'मुंबईला जातो' म्हणत असेल तर त्यांना रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. पुढचा भाग घोडबंदरचा, म्हणजे याच साष्टीचं दुसरं टोक.