गिधाडांचा हिशेब

मराठीत गिधाडाच्या वाट्याला शिव्याच आल्या. लुबाडणाऱ्याला आपण गिधाड म्हणतो, कुणाच्या मरणावर टपून बसणाऱ्यालाही गिधाडच म्हणतो. रामायणातला जटायू सोडला तर या पक्ष्याबद्दल चार चांगले शब्द कानी पडत नाहीत. पण गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा बघता बघता फस्त करी, हाडे तेवढी उरत. या सफाईसाठी ग्रामपंचायतीला एक पैसाही मोजावा लागत नसे.

१९९०च्या दशकात हे चित्र पालटले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना मान टाकून बसलेली आणि मेलेली गिधाडे दिसू लागली. आधी संशय कीटकनाशकांवर गेला, मग एखाद्या विषाणूवर. उलगडा झाला तो २००४ साली, पाकिस्तानातील पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता. कारण निघाले डायक्लोफेनॅक.

मुळात हे माणसांच्या सांधेदुखीवरचे औषध. ते स्वस्त झाले, तसे लंगडणाऱ्या बैलाला आणि सूज आलेल्या गाईलाही टोचले जाऊ लागले. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. दारातल्या मुक्या जनावराचे दुखणे शेतकऱ्याला पाहवत नव्हते, इतकेच. पण औषध दिल्यावर जनावर लगेच दगावले, तर मांसात औषध उरे आणि ते खाणारे गिधाड काही दिवसांत मरे. शंभरांतील एका मढ्यात औषध असले, तरी एवढी घसरण होण्यास पुरेसे होते, कारण हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो. भारतात १९९२मध्ये जिथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तिथे २००७मध्ये जेमतेम एक उरले.

मढी पडून राहू लागली आणि गिधाडांच्या पंगतीत भटकी कुत्री जेवायला बसली. कुत्री वाढली, तसा रेबीजचा धोकाही वाढला. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस सहसा वाचत नाही. मुंबईत डुंगरवाडीवर गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा पारशी समाजाला आपल्या जुन्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २०००पासूनच्या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. इंजेक्शन गोठ्यात दिले गेले, त्याची किंमत भलत्याच घरांनी मोजली.

२००६मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५मध्ये त्याही बंद झाल्या. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. ते सुचवण्यापूर्वी शास्त्रज्ञांनी गिधाडांना देऊन पाहिले आणि ती जगली, तेव्हाच त्याची शिफारस केली. हे जनावर उद्या मेले तर त्याला कोण खाणार, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला होता. डायक्लोफेनॅक गोठ्यात शिरले, तेव्हा तो कुणाला सुचला नव्हता.