थळ, जथा आणि घराण्याची शेती

दख्खनच्या गांवांचे जुने थळझाडे ज्यांनीं चाळले असतील त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. थळ एका आडनांवाचें आणि तें वाहणारा दुसऱ्याच आडनांवाचा, असें कित्येक ठिकाणीं आढळतें. मूळ घराणें निर्वंश होऊन पिढ्या लोटलेल्या असतात, शेत मध्यंतरीं उपऱ्याकडे गेलेलें असतें, पुढें तिसऱ्याच कोणाला मिरास करून दिलेलें असतें. तरी कुळकर्ण्याच्या कागदीं व गांवच्या तोंडीं तें पहिल्या घराण्याच्याच नांवानें चालतें. कर्नल साइक्स यानें दख्खनच्या जमीनधाऱ्यावर लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८३५ सालीं छापला गेला, त्यांत या प्रकाराची दखल घेतलेली आहे. सरदार-जहागीरदारांच्या वंशावळी जुळविण्यांत आपले संग्राहक जेवढा काल घालवितात त्याचा दशांश जरी या थळांच्या नांवांकडे दिला असता, तरी कुणब्याच्या घराचा इतिहास आज इतका अंधारांत राहिला नसता, असें आम्हांस वाटतें.

थळ म्हणजे गांवच्या काळींतील एका घराण्याचा जमिनीचा भाग, आणि जथा म्हणजे तें थळ धारण करणारा, एका मूळपुरुषापासून वाढलेला भाऊबंदांचा समूह. थळ धारण करणारा तो थळकरी. यासच पुढें मिरासदार हें नांव अधिक रूढ झालें. जथ्याचा सरकाराशीं संबंध वडिलाच्या द्वारें येई. एका भावाचा सारा थकला तर तो बाकीच्यांवर पडे, आणि एखादा निपुत्रिक वारला तर त्याचा वांटा बाकीच्यांत विभागला जाई. सबंध जथाच बुडाला म्हणजे थळ गतकुळ ठरे. 'गतकुळ' हा शब्द आम्हांस फार बोलका वाटतो. जमीन पडीक झाली असें त्यांत म्हटलेलें नाहीं. कूळ गेलें, असें म्हटलें आहे.

मिरासपत्रांचा मजकूर संग्राहकांस परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथें करीत नाहीं. शक व सुहूर सन, चतुःसीमा, बिघे किंवा चाहूर (१२० बिघ्यांचा एक चाहूर), मिरास लेकुरांचे लेकुरीं भोगण्याचें वचन, आणि खालीं गोही. परंतु गोहींच्या निशाण्या पाहाव्या. ज्यास अक्षर येत नाहीं तो कुणबी आपल्या नांवापुढें नांगर काढतो, न्हावी आरसा काढतो. मोडीचें वळण, शिक्के व दुहेरी कालगणना यांची चिकित्सा करतांना या निशाण्या नकलेंत गाळण्याची चाल आपल्यांत पडली आहे, ती सोडली पाहिजे. तो नांगर म्हणजे त्या घराची सहीच होय.

मिरास ही नुसती मालकी नव्हती. मिरासदारास गांवांत मान असे, सोयरीक जुळवितांना त्याचें घर आधीं विचारांत घेतलें जाई, आणि जमीन विकण्याची वा गहाण ठेवण्याची त्यास मुभा असे. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत दख्खनच्या रयतेपैकीं मोठा भाग ठराविक सारा भरून आपल्या जमिनीचा धनी आहे, असें लिहिलें तें याच वर्गाला उद्देशून. मानाची किंमतहि होती. जमीन पेरली नाहीं तरी मिरासदाराचा सारा चुकत नसे, आणि तीन वर्षांनीं एकदा मिरासपट्टी द्यावी लागे. उपरी मात्र कौल संपला कीं उठून दुसऱ्या गांवीं जाई. कौलाचा हलका दर सोडून आणि जड सारा पत्करून माणसें मिरास कां मागत, याचें उत्तर अर्थशास्त्रांत पुरतेपणीं मिळत नाहीं. तें त्या लेकुरांच्या लेकुरांत शोधावें लागतें.

आतां ही शेती चालवीत कोण, हें पाहूं. कागदांत नांव येतें तें वडिलाचें. औत धरणारे धाकटे भाऊ, सालावर राहिलेला गडी, बी राखणाऱ्या व खुरपणाऱ्या बायका, औतफाटा दुरुस्त करणारा सुतार, यांपैकीं सुतार तेवढा बलुत्याच्या यादींत भेटतो. काळ्या जड रानांत लांकडी नांगरास एक बैलजोडी पुरत नसे, दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागत. म्हणून ज्यांच्यापाशीं एकेकच जोडी, ते सावड करीत. अडलेल्याचें रान इर्जिकीनें एका दिवसांत नांगरून निघे. विहीर भावांत समाईक, आणि मोटेच्या पाळ्या दिवसांनीं वांटलेल्या. वांटपपत्रावर भाऊ कधींच विभक्त झालेले असत. विहिरीवर व औतावर मात्र ते एकत्रच असत. हा भेद ध्यानांत न घेतां केवळ वांटपपत्रांवरून घर मोडलें असें ठरविणें धोक्याचें आहे.

याच धोक्याचें एक उदाहरण येथें देतों. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. गांवच्या जुन्या कागदांचा तींत केलेला उपयोग आजहि अनुकरणीय आहे. तींत सरासरी धारण १७७१ सालीं ४० एकर, १८१८ सालीं १७॥ एकर, १८२० ते १८४० या काळांत १४ एकर, आणि १९१४-१५ सालीं ७ एकर अशी दिली आहे. १५६ खातेदारांचे मिळून ७२९ तुकडे होते, त्यांपैकीं ४६३ एक एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनहि लहान. पुढें तुकडेबंदीच्या प्रत्येक चर्चेंत हे आंकडे पुढें आले, आणि १९४७ च्या मुंबई कायद्यामागें हीच चिंता होती.

आंकड्यांविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु १७७१ चें एक नांव आणि १९१४ चें एक नांव या समान वस्तु आहेत काय? पेशवाईच्या यादींतील नांव बहुधा वडिलाचें, म्हणजे त्यामागें अख्खें घर, क्वचित् जथाहि. १८३६ सालीं इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांची पाहणी सुरू झाल्यापासून सारा शेतनंबरावर बसला व त्याची जबाबदारी नंबराच्या खातेदारावर आली. जथ्याची सामाईक जबाबदारी निरर्थक ठरली. १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाल्यावर ज्याच्या त्याच्या हिश्शाची स्वतंत्र नोंद होऊं लागली. तेव्हां ४० वरून ७ वर आलेल्या उतारांत कांहीं भाग खरोखरीच्या विभागणीचा, आणि कांहीं भाग केवळ नांवें मोजण्याची रीत बदलल्याचा असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे. पाव एकराचे ११२ तुकडे अर्थात् रीत बदलल्यानें उत्पन्न होत नाहींत, ते भाऊबंदकीचेच. पण कोणता भाग किती, हें सरकारी कागदांवरून सांगतां येणार नाहीं. तें घरगुती कागदांवरूनच ठरेल: वांटपपत्रें, फारखत्या, विहिरीच्या पाळ्यांचीं टिपणें, बैलांच्या देवघेवीचे हिशेब.

हे कागद शेतकऱ्यांच्या घरीं पेटींत अगर आढ्यास बांधलेल्या बोचक्यांत असतात. मोडी वाचणारें घरांत कोणी उरलेलें नसतें, सातबारा हातीं असल्यानें जुन्याची गरज वाटत नाहीं, आणि जमीन विकली गेली कीं पेटीची शेवटची राखणहि संपते. राज्यकारणाचा उल्लेख नाहीं म्हणून असे कागद परत करणारे संग्राहकहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं निदान नक्कल करून घ्यावी, निशाण्यांसुद्धां घ्यावी, आणि कागद कोणत्या थळाचा व आज तें थळ कोणाकडे, हें मागील बाजूस लिहून ठेवावें. पिंपळे सौदागर आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून मॅनसाहेबांनीं मोजलेल्या शेतांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. तेथील जुन्या घरांतून पाळ्यांचें एखादें टिपण अद्यापि निघण्यासारखें आहे. ज्यांस त्या बाजूस जाणें सोयीचें असेल त्यांनीं विलंब करूं नये.