बाकीच्यांसाठी एक चांदणी

‘पहिला, *बाकी = यादी’. पायथन भाषेतली ही खरीखुरी, चालणारी ओळ. यादीत तीन नावे असोत की तीन हजार, पहिले नाव ‘पहिला’त जाते आणि उरलेली सगळी ‘बाकी’त. हे घडवते ती मधली चांदणी. तिचे कूळ मात्र पायथनहून बरेच जुने आहे.

तिचे मूळ लिस्पमध्ये सापडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी ही भाषा रचली. तिच्यात यादीचे दोन भाग पडतात: डोके आणि मागचे सगळे. त्यांची नावे ‘कार’ आणि ‘कुडर’. आयबीएम ७०४ या यंत्राच्या ३६ बिटांच्या शब्दात ॲड्रेस आणि डिक्रिमेंट असे १५-१५ बिटांचे दोन कप्पे होते. त्यांवरून ही नावे पडली. यंत्र इतिहासजमा झाले, ‘एक आणि बाकीचे’ ही वाटणी टिकली.

लॅरी वॉल यांच्या पर्लने (१९८७) ती बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आणली: आधी साधे व्हेरिएबल, मागे ॲरे. पण हा ॲरे अधाशी. समोरचे सगळे गिळतो आणि त्याच्यामागे लिहिलेले नाव उपाशी राहते.

पायथन मोजणीला कडक. दोन नावे आणि तीन मूल्ये दिली, की लगेच ‘व्हॅल्यू एरर’. फंक्शनला हवी तितकी मूल्ये घेता यावीत म्हणून तिथे चांदणी आधीपासून होती. साध्या ओळीत मात्र यादी हाताने कापावी लागे. एप्रिल २००७ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी प्रस्ताव क्रमांक ३१३२ मांडला आणि डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० मधून चांदणी या जागीही आली.

इथे ती अधाशी नाही. ‘पहिला, *मधले, शेवटचा = यादी’ असे लिहिले, तर आधी दोन्ही टोकांना त्यांचा वाटा मिळतो, मग उरेल ते ‘मधले’चे. यादीत दोनच नावे असली तर ‘मधले’ म्हणजे रिकामी यादी, तक्रार नाही. एका वाटणीत चांदणी मात्र एकच, कारण दोघींमधली हद्द कुठे आखायची हे ठरवता येत नाही.

मला या रचनेचे मोल इथे वाटते: नाव घेतलेल्याचा हक्क बुडत नाही आणि न मोजलेले वाऱ्यावर जात नाहीत. त्याच ३.० आवृत्तीने व्हेरिएबलांना देवनागरी नावेही खुली केली. म्हणूनच सुरुवातीची ओळ आपल्या अक्षरांत जशीच्या तशी चालते.