एन्रॉन आणि आपला कोळसा

मंडळी, कंपन्या सरकारं कशी वाकवतात म्हटलं की आपण इराकच्या तेलाकडे बोट दाखवतो. पण आपल्या गुहागर तालुक्यात काय घडलं, आठवतं ना?

१९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. जागतिक बँकेने त्याआधीच पैसे द्यायला नकार दिला होता! १९९५ साली युती एन्रॉन समुद्रात बुडवायला निघाली, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. नोव्हेंबरात रिबेका मार्क बाळासाहेबांना भेटल्या, आणि पुढे नवा करार झाला, तोही आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाचा. या नव्या कराराला केंद्राची प्रतिहमी दिली कोणी? १९९६ च्या तेरा दिवसांच्या सरकारने, ज्याला बहुमतच नव्हतं.

१९९९ मध्ये वीज सुरू झाली. इंधन नाफ्ता, दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घ्या न घ्या, ठरलेली रक्कम भरायचीच. आमच्या उमरेडला कोळशाच्या खाणी, पण मंडळाने आपले स्वस्त कोळशाचे संच मागे ठेवून ही महागडी वीज घ्यायची... घरात भाकरी, बिल हॉटेलचं!

मे २००१ मध्ये मंडळाने हात वर केले. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी (पूर्वी तेलक्षेत्रातल्या हॅलिबर्टनचे प्रमुख) यांनी विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. एका खाजगी कंपनीची वसुली, अन् तगादा उपाध्यक्षांचा!

त्याच डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. प्रकल्प बंद पडला होता, कर्ज मात्र आपल्या बँकांच्या गळ्यात. २००५ मध्ये तो एनटीपीसी आणि गेलच्या नव्या कंपनीने उचलला.